चांगली बाजू

कुणाल बाविस्करचा मेसेज आलाय :
आदल्या रात्री आठ तास झोप. मीठ कमी.
तीन पोशाख आणा, त्यातला एक रोजच्या कामातला.
रेघा नकोत, चौकडा नको.
आणि शेवटी, ठळक अक्षरांत,
तुमची चांगली बाजू कोणती ते आरशात बघून ठेवा.

कपाटाच्या आरशापुढे उभी राहते.
उजवा गाल. डावा गाल. पुन्हा उजवा.
दोन वेगळ्या बायकांचे आहेत.

तेरा उन्हाळे मी डाव्या सीटवर बसलेय.
जामनेर रोड, यावल रोड, तापीचा पूल,
काच खाली, कारण एसी लावला
की चढावर धापा टाकते अल्टो,
आणि भुसावळचं ऊन तर असं
की आठ वाजताच डॅशबोर्डवर पापड वाळत घालावेत.
डावा हात कोपरापर्यंत खिडकीचा झालाय.
उजवा अजून माहेरचा.

तनिष्का म्हणते, त्यात काय, फिल्टर लावला की दोन्ही सारखे.
होतील ना.
रावेरच्या स्टुडिओत ब्रशनं झाले होतेच.
तेव्हाही आदल्या रात्री लवकर झोपवलं होतं
साय-हळद चोपडून.
तेव्हा म्हणाले, हसू नको, दात दिसतात.
आता म्हणतात, हसा, दात दिसू द्या.
त्या फोटोच्या अठरा प्रती काढल्या होत्या.
सतरा परत आल्या.

नंतर एकटीचा असा फोटो नाहीच.
एक लायसन्सवरचा आहे,
पण तिथं मी नुकतीच कुणाच्या तरी
म्हशीला धडकून आल्यासारखी दिसते.

पलंगावर कपडे मांडलेत.
मोरपंखी साडी : तनिष्काची पसंती.
निळा कुर्ता : टिकली कोणती, यावर तासभर वाद.
तिसरा हा रोजचा, सुती, धुऊन धुऊन मऊ,
डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत
सीटबेल्टनं घासून पांढुरका झालेला.
रेघा नकोत म्हणाला होता.
ही एकच आहे, पण चांगली चार बोटं रुंद.

एक फॉर्मही भरायचाय.
तुम्ही कोण, तीन शब्दांत.
मी 'आत्मविश्वास' लिहिलं आणि खोडलं.
'सक्षम' लिहिलं, तर ते बचत गटाच्या फलकासारखं वाटलं.
हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले,
दिवसभर तीनच तर शब्द बोलतेस,
क्लच, ब्रेक, हळू.

लिहून टाकलं. तेच पाठवलं.

दुपारी कोकिळाबाई आल्या होत्या, वय अठ्ठावन्न,
मूळच्या धरणगावकडच्या.
नवरा गेल्यापासून दारात उभ्या असलेल्या गाडीला
त्या आधी नुसत्या पुसत होत्या, दोन वर्षं.
आज पुलावर समोरून केळीचा ट्रक आला.
मी स्टिअरिंगला हात लावला नाही.
ट्रक गेला. त्यांनी पदरानं मान पुसली, म्हणाल्या,
"तुम्ही बाजूले शेतस म्हनीसन भ्याव वाटत नही."

तेव्हापासून तो शब्द
डोक्यात इंडिकेटरसारखा टिकटिकतोय.

रात्री सराव. स्टीलच्या खुर्चीवर मी,
समोर फोन धरून तनिष्का.
हनुवटी खाली. खांदे सैल. एक, दोन,
आणि टेबलाखाली माझा उजवा पाय
तिथं नसलेला ब्रेक दाबून बसला.
आला तो फोटो असा,
अंग जरासं पुढं, डावा गाल उजेडात,
उजवा हात हवेत,
दुसऱ्या कुणाच्या चाकापासून वीतभर लांब.
आई, बघतेयस कुठं?
समोर, म्हटलं.

साडेअकरा वाजलेत. आठ तास काही होत नाहीत.
जळगावला दहाला पोचायचंय.
सकाळी साडेसहाला कोकिळाबाईंचा रिव्हर्स आहे,
तो मी रद्द केलेला नाही.