अकरा सेकंद

आल्बुकर्कीत, टायरच्या दुकानामागे,
जिथे पूर्वी कुत्र्यांचे केस कापायचे,
तिथे आमचा स्टुडिओ.
भिंतींना अंड्यांचे ट्रे. एसी बंद पडला की अजून शांपूचा वास.
टेबलाशी तिघं. काचेपलीकडे मी, बिनमाईकचा.
कोण किती हसलं ते मला कानांआधी डोळ्यांना कळतं:
पडद्यावर हिरव्या लाटा.

गिल हॅचरच्या तोंडाचा पट्टा सुटला की घड्याळ काढून ठेवावं.
सध्या ऑक्टोबर, म्हणून फुगे.
"शहरावर इतके फुगे काय उगाच उडतात? वरून माणसं मोजतात.
परवा गाईच्या आकाराचा एक
माझ्या न्हाणीघराच्या खिडकीशी थांबला. मी साबणात."
"हेरगिरीला गाय कोण पाठवेल?" व्हर्ना त्सोसी विचारते.
"तेच तर! गाईवर संशय कोण घेईल?"

मग चंद्र. तो निघतोच.
व्हर्ना म्हणते, "माझा मामा शिप्रॉकला शाळेची बस चालवतो.
तो म्हणतो, गेलेच असणार.
आधी झेंडा रोवला, मग बघितलं कोणी राहतं का.
हे काही रचावं लागत नाही. हाताचं वळण असतं."
गिल हसतो, थांबतो, पुन्हा हसतो.
दोन्ही हसण्यांच्या लाटा वेगळ्या.

दारिओ आर्चुलेता तोवर गप्प.
एकतीस लढती, डावा कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा,
गुडघे गेल्यावर विनोदाकडे वळला.
"दोन्हीकडे एकच," तो म्हणतो,
"समोरचा श्वास आत घेत असतो ना, तेव्हा लगावायचं."
आणि मग हुआरेझची गोष्ट, आम्हाला तोंडपाठ:
सहावी फेरी, जबड्यावर उजवा, हा आडवा,
पंच मोजतोय,
आणि तिसऱ्या रांगेतून याची आई उठते, आणि

आणि

लाट सपाट.
व्हर्नाने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.
गिलची खुर्ची एकदा करकरली.
मी आकडे बघत होतो. अकरा.
दहाला सगळं संपतं, हे मला त्यानेच शिकवलेलं.

"घंटा वाजली का?" दारिओने विचारलं.
हशा असा फुटला की लाट पडद्याबाहेर गेली.
मी काचेतून त्याचे डोळे बघत होतो.
तो उत्तराची वाट बघत होता.

रात्री कापाकापी.
नवीन सॉफ्टवेअर, महिना चाळीस डॉलर, फार विनयशील:
शांतता सापडल्या, दोनशे चौदा. काढू?
काढ.
एका जागी वाक्य अपुरं आहे. वक्त्याच्याच आवाजात पुरं करू?
मी कशाला हो म्हटलं, कोण जाणे.
खोलीत दारिओ बोलला, त्याच खरखरीत आवाजात:
"आणि आई ओरडते, अहो पंच, जरा हळू मोजा,
पोरगं गणितात कच्चं आहे!"
नेमका श्वास. नेमकी जागा.
खरं सांगतो, त्याच्याहून बरी.

मी एकटाच हसलो.
मग ते पुसलं,
आणि अकरा सेकंद होते तसे परत चिकटवले:
ग्लास, खुर्ची, भिंतीपलीकडे टायरवाल्याचा कंप्रेसर.

आठवड्याने पत्रं आली.
बावन्नाव्या मिनिटाला काय कापलंत?
कोणाच्या दबावाखाली?
एकाने लिहिलं, आवाज वाढवला तर मागे यंत्राची घरघर ऐकू येते,
जमिनीखालून.

अशा पत्रावर गिलचे तीन भाग सहज निघतात.
त्याने चष्मा चढवला, पत्र मोठ्याने वाचलं,
समोर दारिओ, मिठाच्या पुडीशी चाळा करत.
गिलने कागदाची घडी घातली. आणखी एक घडी. आणखी एक.

"यात," तो म्हणाला, "काही तथ्य नाही."
अळीमिळी गुपचिळी.
आणि फुग्यांवर आला.