जुना सर्वे, नवा गट

अर्जात एक चौकोन असतो:
या साधनाचा अनुभव, वर्षांत.
मी शून्य लिहिते.
खोडते. परत शून्यच लिहिते.

जानेवारीत पुण्यातल्या कंपनीनं आमची टीम आवरली.
आता मार्च. हिंगोलीच्या शिवारातून
शिजत्या हळदीचा वास थेट लॅपटॉपपर्यंत येतो,
आणि मी गच्चीवरच्या खोलीत
एका परक्या कन्सोलमध्ये सर्व्हर शोधत बसलेली.

सहा वर्षं ज्याला एका नावानं हाक मारली
त्याला इथं दुसरंच म्हणतात.
परवानग्यांचं पान तर
लग्नघरातल्या किल्ल्यांसारखं,
कुठली कुणाकडं, कुणालाच नक्की नाही.

अण्णा चहा घेऊन वर येतात.
तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढून
त्यांचा एक खांदा अजून खाली.
"काय शोधायलीस?"
सांगते. निम्मं कळतं,
उरलेल्या निम्म्याचं ते स्वतःच काहीतरी करतात.
"म्हंजे सर्वे नंबरचे गट नंबर झाले, तसं.
लोकं कचेरीत यायचे रडत,
साहेब, माझं वावर कुठं गेलं?
वावर कुठं जातंय, बाई. कागद बदलला."

मग पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने.
डावीकडं माझं जुनं, उजवीकडं हे नवं.
बांधापुढं बांध. कुंपणापुढं कुंपण.
कुणी कुठून शिरायचं, ती वहिवाट.
गर्दी चार दारांत वाटणारा, त्याच्यापुढं तसलाच एक.
सात ओळी जुळल्या.
आठवीपुढं काहीच सापडेना.
"तिथं पोटखराबा लिही," अण्णा म्हणाले.
"खोटं क्षेत्र भरू नको. पुढं भांडणं होतात."

रात्री दोन रुपये कापून खातं उघडलं.
एक मशीन उभं केलं आणि मुद्दाम पाडलं.
पडताना ते ओळखीचं वाटलं:
आधी उत्तरं उशिरा, मग अर्धी,
मग डिस्क भरल्याची ती एक ओळ,
जी एका दिवाळीत, रात्री अडीचला,
फराळाचं ताट सारून मी उभ्यानंच वाचली होती.
नावं कितीही वेगळी ठेवा,
कण्हणं तेच.

(मशीन बंद करायला मात्र विसरले.
सकाळी सदुसष्ट रुपये.)

गुरुवारी मुलाखत. बंगळूरहून कुणी प्रणिता,
मागं कोरी भिंत.
"हे तुम्ही चालवलंय?"
नाही. पण हिच्या जावेसोबत सहा वर्षं काढलीत,
असं ओठांवर आलं.
पण बोलणं इंग्रजीत चाललेलं,
आणि इंग्रजीत जाऊच नसते.
म्हणून कागद कॅमेऱ्यापुढं धरला.
तिनं वाचला, सावकाश.
"आठवी ओळ?"
"ती येत नाही मला."
तिनं काहीतरी टिपून घेतलं.

त्याला आज बारा दिवस झाले.
कागद अण्णांनी सातबाऱ्यांच्या पिशवीत ठेवला होता,
मी परत काढलाय.
आठव्या ओळीत, उजवीकडं,
काल एक शब्द लिहिला.
पेन्सिलीनं.