उणे अठरा

फ्रेझरबरोच्या मासळी-कारखान्यात
पहाटे सहाला ट्यूबलाइट लागतात,
आणि तीस बायका पांढऱ्या रबरी बुटांत
पट्ट्यासमोर उभ्या राहतात.
सेंगाची जागा खांबाजवळची.
एकतीस वर्षं.
तिची सुरी हॅडकच्या कण्यालगत अशी सरकते
जशी जुन्या ओळखीची बाई
कडी न वाजवता घरात शिरते.

त्या मंगळवारी सुरी मधेच थांबली.
म्हणजे सुरी नाही, सेंगाच.
छातीतून काहीतरी वर चढलं,
मान, कान, टाळू,
आत कुणी शेगडी पेटवून
निघून गेल्यासारखं.
समोर मासा होता. त्याचं नाव आठवेना.
दिवसाला नऊशे वेळा हातातून जाणारा मासा.

ती सुरी ठेवून शीतगृहात गेली.
उणे अठरा.
बाकीच्या तिथे दोन कोट चढवून
दात वाजवत जातात आणि पळत बाहेर येतात.
तिने टोपी काढली, गळ्याची बटणं सोडली,
खोक्यांना पाठ टेकून डोळे मिटले.
माहेरी आल्यासारखं वाटलं म्हणावं, तर
तिच्या भाषेत माहेर नाही.
आपल्या भाषेत आहे.
आणि या सगळ्यालाही आपल्याकडे शब्द आहे, भारदस्त,
दवाखान्याच्या भिंतीवर टांगावा असा:
रजोनिवृत्ती.
निवृत्ती त्यातच लिहून ठेवलेली.
सेंगाला अजून पंधरा वर्षं पगार हवाय.

स्ट्रूअन मुकादम. वय सत्तावीस.
त्याच्या टॅबलेटवर शीतगृहाचं दार उघडल्याची नोंद पडते:
नऊ दहा, नऊ पन्नास, अकरा वीस.
एकूण सव्वीस मिनिटं.
काचेच्या केबिनमध्ये त्याने विचारलं, बरं नाहीये का?
बरं आहे, ती म्हणाली.
मग कारण काय लिहू?
फॉर्मवर चौकोन होते: पाठदुखी, सर्दी, घरची अडचण,
आणि इतर.
'इतर'पुढे दीड इंच रेघ.

त्या रेघेवर मावायला हवं होतं
रात्री तीनला पिळून निघालेली चादर,
आणि नवरा, जो हल्ली सोफ्यावर झोपतो,
न भांडता, ते जास्त लागतं.
चार महिने न आलेली पाळी
पाचव्या महिन्यात ऐन पट्ट्यासमोर अशी आली
की पांढरी पँट...
पांढरी का असते ही पँट?
ज्याने ठरवली
त्याला कधी विचारलं कुणी?
सकाळी मुठीत न मिटणारी बोटं.
मुलीवर उगाच ओरडणं, मग पार्किंगमध्ये
गाडी बंद करून रडणं, मग नीट डोळे पुसून
हजेरी लावणं.

दीड इंचात तिने लिहिलं: वय.

स्ट्रूअनने ते वाचलं, आणि बराच वेळ तिथेच पाहत राहिला.
त्याची आई पोस्टात होती. बावन्नाव्या वर्षी
नोकरी सोडली. कंटाळले, म्हणाली.
घरात सगळ्यांना ते पटलं.
जानेवारीच्या रात्री ती मागच्या अंगणात
अनवाणी उभी राहायची, बर्फात,
आणि तो खिडकीतून तिला हसायचा.

सेंगाला त्याने यातलं काही सांगितलं नाही.
किती वेळ लागतो? एवढंच विचारलं.
कशाला?
उतरायला.
चार मिनिटं. कधी सात.
आणि हे असं... किती वर्षं?
सेंगा पहिल्यांदा हसली.
ते मला कळलं की फॉर्मवर लिहीन.

पुढच्या सोमवारी शीतगृहाच्या दाराशी
एक लाकडी बाक आलं होतं. कुणी आणलं, कुणी बोललं नाही.
दाराची नोंद बंद झाली.
पँट पांढरीच आहे; गडद निळीची मागणी
ॲबर्डीनच्या कचेरीत गेलीय, उत्तर नाही.
दोघीतिघी अजूनही बाकाकडे बघून
एकमेकींना कोपर मारतात.

काल लिथुएनियाची डाइवा, जिला एरवी
सदानकदा थंडी वाजते,
खोकं हातात घेऊन बाकापाशी थबकली.
कॉलर ओली. चेहरा लाल.
मलाही सुरू झालंय वाटतं, ती म्हणाली,
चोरी कबूल करावी इतक्या हळू.
सेंगा सरकली.
बाक दीड माणसाचं, दोघी कशाबशा बसल्या.
दाराच्या फटीतून गारवा येत होता.

"हॅडक," सेंगा एकदम मोठ्याने म्हणाली.
डाइवाने काय म्हणून विचारलं नाही.