पस सेल्स : भरपूर

राजेशम यन्नम, वय सत्तावन्न,
उजव्या हाताचं मधलं बोट.
धोटा उडून लागला म्हणे, सोमवारी, रात्रपाळीत.
वर मशीन पुसायची चिंधी गुंडाळली, तेलकटच,
आणि आधी तुटलेलं सूत जोडलं.
"एमी कालेदु," म्हणाला टेबलापलीकडून,
मग माझ्याकडे बघून मराठीत,
"काही झालं नाही ओ मॅडम, नुसतं ठणकतंय."

लाल झालंय, सुजलंय, हात लावला तर तव्यासारखं.
डॉक्टरांनी चीर दिली,
मी काडीवर पू घेतला, काचेवर पसरला.
बाहेर अशोक चौकात दुपार चव्वेचाळीसवर उभी,
पंखा नुसतं ऊन ढवळत होता.

जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, मग तांबडा.
धुतलं, वाळवलं, तेलाचा थेंब टाकून
डोळा लावला.

आधी ते दिसले :
नान्नजच्या मळ्यातले घड असावेत तसे,
इवले, जांभळे, गोल गोल, दाटीवाटीने.
आणि त्यांच्या भोवती, त्यांच्यावर,
त्यांना पोटात घेऊन बसलेल्या
तांबूस पेशी. मोजायचं मी पन्नासाला सोडलं.
केंद्रक तीन-चार गाठींचं,
घाईत बांधलेल्या सुतासारखं.

बोटातच मुक्कामाला असणाऱ्या थोराड पेशींनी हाळी दिली असणार.
रक्तवाहिनीची भिंत सैल झाली,
आणि वाहत्या रक्तातून हे भिंतीला धरत, घरंगळत,
थांबले,
फटीतून अंग चोरून खाली उतरले.
शत्रूचं नाव ह्यांना ठाऊक नसतं.
एवढंच कळतं :
ही साल आपल्यातली नाही.

माझे बाबा मिलमध्ये बदली कामगार होते.
पहाटे गेटवर उभं राहायचं,
कुणी खाडा केला तर आत, नाही तर घरी.
हाडांच्या मगजातून रोज अब्जावारी निघणाऱ्या ह्या पेशींचंही
काही वेगळं नाही.
आयुष्य एखाद-दोन दिवसांचं,
बहुतेकींना काम न लागताच संपणारं.

शिकलेले येतील आठवड्याभराने, वही घेऊन.
नाव, गाव, चेहरेपट्टी टिपतील,
पुढच्या वेळी दारातच ओळखतील.
लसीच्या कार्डावर त्यांचाच शिक्का.
तोवर
बोट कुणी तरी धरून ठेवायचं असतं.

गिळून गिळून थकल्यावर ह्यातले काही
एक गोष्ट करतात.
कॉलेजात ती पहिल्यांदा वाचली तेव्हा
मी पुस्तक उपडं ठेवून उठले होते.
आपलंच केंद्रक उसवतात.
आत जपून गुंडाळलेला धागा,
ज्यावर सगळं लिहिलेलं असतं, डोळ्यांचा रंगसुद्धा,
बाहेर फेकतात. चिकट जाळं.
घड त्यात अडकतात.
विणणारा बहुधा जागीच संपतो.

ह्या काचेवर ते नीट दिसत नाही.
एका कडेला नुसता धूसर तांबूस पट्टा,
चादरीचं टोक सुटावं तसा.

आणि सगळं काही थोर नाही त्यांचं.
नेम चुकतो. शेजारचं चांगलं मांसही विरघळवतात.
राजेशमच्या ठणक्यात
अर्धा वाटा ह्यांचाच.

"घाण लई निघाली का?"
मी मान वर केली.
घाण नाही ओ, म्हणायला तोंड उघडलं,
पण रांगेत अजून सात जण होते
आणि फॉर्मवर रकाना एकच :
पस सेल्स.
भरपूर, लिहिलं. शिक्का मारला.

"संध्याकाळच्या पाळीला जाऊ का मग?
डावा हात चालतोय की."
मी डॉक्टरांच्या केबिनकडे बोट दाखवलं.
त्याच्या भुवईत कापसाचा तंतू अडकला होता,
जाता जाता तेवढा त्याने पुसला.

वापरलेल्या काचा जंतुनाशकात टाकायच्या असतात, लगेच.
ही मी थोडा वेळ
उन्हाकडे धरून बसले.