अर्ध्या टाकीखाली

शेरजमान म्हणतो, जाताना गाडी लोण्यासारखी.
फहूदहून परतताना मिसिंग मारते,
इब्रीच्या आसपास, तीही रिकामी असताना.
हिला परत यायचंच नसतं, म्हणतो,
आणि मिशीत हसतो.

सोहारच्या सनाय्यात मी दोनदा फिल्टर बदलले.
इंजेक्टरचे नट एकेक ढिले करून
कान लावला:
पहिला सोडला, आवाज पडला.
दुसरा सोडला, पडला.
सहाही सिलिंडर इमानदार.
शेडमध्ये ती चुकलीच नाही कधी,
पाहुण्यांपुढच्या शहाण्या पोरीसारखी.

तिसऱ्या खेपेला पाना खाली ठेवला
आणि विचारलं, डिझेल कुठं भरतोस?
इथंच. फुल्ल. जायला-यायला पुरतं.

टाकी उतरवली.
आतला सक्शन पाइप पुसून उन्हात धरला.
मधल्याच्या जरा खाली एक चीर, केसाएवढी.
डिझेल वर असेतो बुडालेली, मुकी.
पातळी उतरली की वारा पिते
आणि पंपाला पाजते.

दोन महिने मी इंजिनाला बोल लावत होतो.

नवा पाइप, नवा वॉशर. एअर काढली:
बोटांवर आधी फेस,
मग फुसफुस,
मग नुसती धार.

गुरुवारी रात्री त्याचा फोन आला.
काही न बोलता खिडकीबाहेर धरला त्यानं.
मी डोळे मिटून मोजले. सहा.
पुन्हा मोजले.

मग म्हणाला, इब्री मागं गेलं, उस्ताद.
तिथला चहावाला आमच्या गावचा.
आता थांबायला
काही कारणच उरलं नाही.