तीन सेकंद

सकाळी थंड इंजिनाला पहिला सेल्फ मारला
की तीन सेकंद खडखडतं, म्हणे.
पत्र्याच्या डब्यात सुटे खिळे हलवावेत तसं.
मग तेल वर चढतं आणि गप्प.

म्हणे, कारण मला ते ऐकू येत नाही.
उजवा कान इथेच रबाळ्यात गेला, प्रेस शॉपमध्ये,
डावा त्याच्यामागून निघालाय.
सांगते ती संघमित्रा. दिघ्याची. वय एकोणीस.
आयटीआयचं सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये घालून आली होती,
मी तिला आधी पान्यांचा ट्रे पुसायला दिला.

इंजिन मूळचं ह्या गाडीचं नव्हे.
गोठिवलीच्या मोरेश्वर मढवींनी
कळंबोलीच्या भंगारातून उचललं.
विकणारा म्हणाला, साठ हजार चाललंय फक्त,
मास्तरांची गाडी होती.
भंगारातली प्रत्येक गाडी मास्तरांचीच असते.

मोठा स्क्रूड्रायव्हर काढला, लाकडी मुठीचा.
टोक टायमिंग कव्हरवर, मूठ दातांत.
कानांनी सोडलेलं हाड ऐकतं.
मढवी हसले. हसू देत.
मित्राने चावी फिरवली,
माझ्या दाढेत कुणी चणे फोडले:
एक, दोन, तीन.
बंद.

चेनच, मी म्हणालो.
(ओरडलोच असेन. पलीकडच्या टपरीवाल्याने वळून पाहिलं.)

चेंबर उतरवलं. तळाला डांबरासारखं तेल
आणि त्यात नखाएवढे तपकिरी तुकडे,
गाइडच्या प्लास्टिकचे.
टेन्शनरची दांडी शेवटच्या खाचेपर्यंत बाहेर,
ढिली चेन सावरत इतकी पुढे आलेली
की आणखी पुढे यायला जागा नाही.
स्प्रॉकेटचे दात एका अंगाला कललेले,
खाडीवाऱ्याने बाभळी कलतात तसे.

जुनी चेन, नवी चेन,
दोन्ही एकाच खिळ्याला टांगल्या.
कड्या तेवढ्याच. मित्राने दोनदा मोजल्या.
तरी जुनी चार मिलिमीटर खाली.
"लोखंड तानलाच कसा?" मढवींचा सवाल.
लोखंड नाही ताणलं, दादा.
एकेक पिन आपल्या भोकात केसाएवढी झिजली.
शंभर जागी केस केस.
हे साठ हजारांचं काम नव्हे.
मास्तरांनी गाडी भाड्याने लावली असणार.

एक नंबरचा पिस्टन वर. क्रँक लॉक.
नव्या चेनच्या तीन कड्या पिवळ्या,
त्या तीन ठिपक्यांवर बसवायच्या.
बोटं तिची. माझी आता थरथरतात,
ते मी तिला सांगितलेलं नाही,
तिने विचारलेलं नाही.
टेन्शनरची पिन खेचली, चेन ताठ.

आता हाताने फिरव. पूर्ण दोन फेरे.
थेट सेल्फ मारणाऱ्याचे व्हॉल्व्ह वाकतात.
पान्याला लोंबकळत तिने फिरवलं,
थांबली, तोंड उतरलं.
"काका, चुकलं. पिवळ्या कड्या भलतीकडेच गेल्या."
नाही चुकलं. त्या बसवतानाच जुळतात.
मग आपल्या वाटेने जातात.
परत कधी एका जागी येतात, मी मोजलं नाही.
ठिपके ठिपक्यांसमोर आहेत ना?
"आहेत."
मग झाक.

रात्रभर गाडी तशीच ठेवली.
गरम इंजिन खोटं बोलतं.

सकाळी सात. बेलापूर रस्त्याला कंपन्यांच्या बसेस.
मढवी नारळ घेऊन हजर.
स्क्रूड्रायव्हर मी खोक्यातच राहू दिला.
चावी त्यांनी फिरवली,
मी मित्राच्या चेहऱ्याकडे बघत उभा.

एक.
तिची मान किंचित तिरकी.
दोन.
ओठ दाताखाली.
तीन.

तिने श्वास सोडला. दिसला मला.
मग नारळ फुटला.
तोही दिसला.