पारडी नाका, पावणेतीन

हात दाखवला, गाडी थांबली.
कळमन्याची संत्री, चौदा चाकं,
ड्रायव्हर सुखदेव नेवारे.
मागायच्या आत कागद पुढे केले,
रबर लावलेल्या पिशवीत,
मधे घडी घातलेली नोट.

नोट मी परत दिली.
"काहून मॅडम, कमी झाली का?"

टायर पाहिले. वजनाची पावती पाहिली.
बॅटरीचा उजेड केबिनमध्ये चढला,
सीटमागच्या पडद्याशी थबकला.
खाली दोन पावलं. लहान.
एकाच पायात पैंजण.

कायद्यानं दिलाय काटा, शिक्का,
थांबवण्याचं कारण लिहायला एक रकाना.
पडद्याचं नाव त्यात नाही.

"पोरगी हाय. माय नाही तिले."
हे मी विचारलं नव्हतं.

वेळ लिहिली, सही केली.
संत्र्यांचा वास भंडारा रोडनं गेला.

सकाळी सहापर्यंत
तो पडदा मी किती वेळा उघडला.